जुन्या कॉम्प्युटरला कोणता डेस्कटॉप झेपेल?

जुन्या मशीनवर लिनक्स टाकलं, पण ग्नोम हा डेस्कटॉप (म्हणजे स्क्रीनवरच्या खिडक्या, मेनू, पॅनेल सांभाळणारा प्रोग्रॅम) सुरू झाला की पंखा घरघरतो? पुन्हा फॉरमॅट करत बसू नका.

१. आहे त्याच सिस्टीमवर एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी हे दोन्ही हलके डेस्कटॉप इन्स्टॉल करा.
२. लॉगआउट करा. लॉगिनच्या वेळी नावावर क्लिक केलं की कोपऱ्यात दातेरी चक्र दिसतं. तिथून डेस्कटॉप निवडा.
३. प्रत्येकाची पाळी रीस्टार्टनंतर. आधी रिकामी रॅम बघा, मग ब्राउझरमध्ये रोजचे चार-पाच टॅब उघडा. खरा कस तिथेच लागतो.

एक्सएफसीई आवडला पण किंचित अडखळतोय? सेटिंग्जमधल्या ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मध्ये कंपोझिटर (खिडक्यांच्या सावल्या, पारदर्शकता दाखवणारा भाग) बंद करून बघा.

नको असलेला डेस्कटॉप काढताना मात्र सोबत काय काय उडणार आहे, ती यादी वाचूनच ‘हो’ म्हणा.