ताप-खोकला आणि वजन : जाड्या-बारीक दोघांच्याही बाबतीत या चुका टाळा

‘त्याले काय होते, नव्वद किलोचा गडी हाय तो!’ ‘तिची अंगकाठीच तशी, लहानपणापासून बारीक हाय.’ घरात कुणाला ताप-खोकला आला की आपल्याकडे यातलं एक वाक्य हमखास ऐकू येतं. दोन्ही वाक्यांनी दवाखान्यात जायला उशीर होतो.

सर्दी-पडसं कुणालाही होतं. पण ते छातीत उतरलं तर किती बिकट होईल, यात वय, साखर, दमा यांच्यासोबत वजनाचाही हात असतो. धोका दोन्ही टोकांना चढतो. विदर्भात ही दोन्ही टोकं शेजारी-शेजारी नांदतात. मेळघाटात आणि गडचिरोलीच्या आतल्या गावांत लेकरांचं वजन भरत नाही, आणि तालुक्याच्या गावात चाळिशीतल्या दुकानदाराचं पोट गाडीच्या टाकीला टेकतं.

पोटाला ताकद समजणं

२००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत जगभरच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की अतिदक्षता विभागात पोहोचणाऱ्यांत लठ्ठ माणसं जास्त आहेत, आणि त्यातल्या काहींना तर दुसरा कुठला आजारही नव्हता. कोरोनात तेच पुन्हा दिसलं. कारण साधं आहे. पोटातली चरबी श्वासपटलाला खालून वर ढकलते, त्यामुळे फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही. एरवी हे जाणवत नाही. न्यूमोनिया झाला की मात्र श्वासाची शिल्लकच कमी पडते आणि ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. शिवाय चरबी नुसती पडून राहत नाही. ती शरीरात बारीकशी सूज कायम धगधगत ठेवते, त्यामुळे विषाणूशी लढणाऱ्या पेशींचा ताळमेळ बिघडतो.

‘आपण कुठं तेवढे जाड?’ असं वाटत असेल तर टेप घ्या. भारतीयांसाठी मापं कडक आहेत, कारण आपली चरबी पोटावर लवकर साठते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या वर गेली, की ती धोक्याची खूण. उंची १६५ सेंटिमीटर असेल तर ६८ किलोच्या वर लठ्ठपणा धरतात आणि ५० च्या खाली वजन कमी मानतात. १५२ सेंटिमीटरच्या बाईसाठी हेच आकडे साधारण ५८ आणि ४३. कापसाचं गाठोडं किलोकिलोनं मोजून घेणारे आपण स्वतः काट्यावर वर्षानुवर्षं उभे राहत नाही!

गुंगीला आराम समजणं

जाड माणसाच्या बाबतीत ही सगळ्यात घातक चूक, म्हणून जरा सविस्तर. रात्री मोठ्याने घोरणाऱ्या, मध्येच श्वास अडकणाऱ्या आणि दिवसा बसल्या-बसल्या डुलक्या घेणाऱ्या माणसाचा श्वास झोपेत आधीच अपुरा पडत असतो. त्यात छातीचा संसर्ग झाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागतो, आणि त्यानेच गुंगी येते. घरच्यांना वाटतं, ‘दोन रात्री खोकून जागला, आता डोळा लागला, झोपू द्या.’ हाक मारल्यावर तो नीट उत्तर देत नसेल, बरळत असेल, तर ती झोप नव्हे. ताबडतोब १०८ ला फोन करा.

अशा माणसाला झोपेची गोळी, गुंगी आणणारं खोकल्याचं औषध किंवा ‘अंगदुखीवर’ दारूचा घोट देऊ नका. झोळ पडलेल्या बाजेवर उताणं झोपवलं तर पोट छातीवर चढतं. पाठीला गाद्या-उशा लावून अर्धवट बसतं करा, नाहीतर कुशीवर झोपवा.

बारीक माणसाचा खोकला बिडीवर ढकलणं

आता दुसरं टोक. कमी वजनात शरीराची संरक्षण-फळी कमकुवत होते, खोकून कफ बाहेर काढायला स्नायूंत जोर उरत नाही, आणि क्षयरोगाला आयतं रान मिळतं. खोकला दोन आठवड्यांच्या वर टिकला, संध्याकाळी बारीक ताप येतो, कपडे ढिले होऊ लागले, तर ‘बिडी लय ओढते’ म्हणून सोडून देऊ नका. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

क्षयात वजन म्हणजे निम्मं निदान आणि निम्मे उपचार. गोळ्या किती द्यायच्या हे वजनाच्या गटावर ठरतं : ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ ला चार. म्हणून वजन वाढलं की डोस पुन्हा बघायला सांगा. झारखंडमध्ये झालेला आणि २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक मोठा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. क्षयरुग्णाच्या घरातल्या माणसांना महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, तर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. तूरडाळ! जी आपण पिकवतो, विकतो आणि वरणात मात्र पातळ करत नेतो. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये मिळतात. ते खात्यात येताहेत का, हे आशाताईंकडे विचारत राहा.

वजन वाढवायच्या गोळ्या

बाजाराच्या दिवशी पुडीत बांधून मिळणाऱ्या ‘तब्येत बनवायच्या’ गोळ्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड निघतं. गाल भरतात, भूक लागते, बायामाणसं खूश होतात. ते मांस नसतं, पाणी आणि चरबी असते. आतून मात्र साखर वाढते, प्रतिकारशक्ती दबते, आणि झोपलेला क्षय जागा होतो. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका, त्यानेही जीव धोक्यात येतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

कुपोषित लेकराला ताप यायची वाट बघणं

न्यूमोनिया झालेल्या रोडावलेल्या लेकराला ताप येईलच असं नाही. भांडायला अंगात ताकदच नसते, तर ताप कुठून चढणार? ते फक्त मलूल होतं आणि दूध सोडतं. अंगणवाडीतल्या दंडाच्या पट्टीवर माप ११.५ सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे लाल रंगात असेल, तर साध्या खोकल्यालाही साधा म्हणू नका.

श्वास मोजायला यंत्र लागत नाही. लेकरू शांत असताना, रडत नसताना, पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हे गावातल्या माणसांना जमतं का, अशी शंका असेल तर गडचिरोलीकडे बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच कार्यकर्त्यांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं आणि बालमृत्यू घटले. तो अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

लेकराला अंगारा लावायचा तर लावा, पण अंगावरचं दूध तोडू नका.

बारीकसारीक चुका

तापात लंघन नको. हाडकुळ्या माणसाला तर नकोच, आणि जाड माणसानेही ‘या निमित्तानं वजन उतरेल’ म्हणून उपाशी राहू नये. वजन उतरवायचं ते बरं झाल्यावर. पऱ्हाटी-तुराट्यांच्या धुराजवळ आजारी माणसाची बाज टाकू नका. पॅरासिटामॉल लेकराच्या वयावरून नव्हे, वजनावरून द्यायचं असतं, म्हणून दवाखान्यात आधी वजन करून मागा. जाड माणसाने दरवर्षी फ्लूची लस घ्यायची की नाही, हेही एकदा डॉक्टरांना विचारून ठेवा.

बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं ऑक्सिमीटर कोरोनातल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेच्या वेळी घरोघरी ओळखीचं झालं, पण थंडीत गारठलेल्या बोटावर किंवा मेंदी-नेलपॉलिश लावलेल्या नखावर ते चुकीचा आकडा दाखवू शकतं. हात चोळून गरम करा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. एरवी निरोगी असलेल्या माणसाचा आकडा ९४ च्या खाली आला तर त्याच दिवशी डॉक्टर. ९० च्या खाली गेला, ओठ निळे पडले, एक वाक्य पुरं बोलताना धाप लागली किंवा लेकराची छाती आत ओढली जाऊ लागली, तर सलाईनच्या नादी न लागता थेट ऑक्सिजनची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं.