‘कॅनेडियन एक्स्पीरियन्स नाही’ असं फोनवर ऐकलंत तर

टोरोंटोत आल्यावर अकाउंट्समधल्या नोकऱ्यांसाठी मी रोज अर्ज करत होते. रेझ्युमे दोन पानांत बसवला, पदवीचं मूल्यांकन करून घेतलं. हे तुम्हीही केलंच असेल. तरी फोन येईनात. आपल्यातच काहीतरी कमी आहे, असं मी धरून चालले. तुम्ही तसं धरू नका. अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपोलस यांचा 2011मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. टोरोंटोतल्या जाहिरातींना हजारो काल्पनिक रेझ्युमे पाठवले गेले. शिक्षण आणि अनुभव इथलाच असला तरी भारतीय, चिनी नावांना इंग्रजी नावांपेक्षा बरेच कमी फोन आले. हे वाचलं त्या रात्री मी खूप रडले.

आता माझी चूक. सहाव्या महिन्यात एका मॅनेजरने फोनवर सांगितलं, “तुमचं सगळं उत्तम आहे, पण कॅनेडियन एक्स्पीरियन्स हवा. क्लायंटना इथली माणसं बरी वाटतात.” मी थँक यू म्हटलं आणि फोन ठेवला. तारीख लिहिली नाही, त्याचं नाव लिहिलं नाही, जाहिरातही जपून ठेवली नाही. टोरोंटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारियोच्या मानवाधिकार आयोगाने 2013पासूनच ही अट सकृद्दर्शनी भेदभावाची ठरवली आहे, हे मला त्या फोननंतर चौदा महिन्यांनी कळलं. अशा भेदभावाच्या तक्रारी ऐकणाऱ्या ट्रिब्युनलकडे जायची मुदत एक वर्षाची. ती गेली होती.

म्हणून अर्ज कराल त्याच दिवशी जाहिरातीची पीडीएफ काढा. ती नंतर साइटवरून उडते. फोन ठेवल्या ठेवल्या वेळ, नाव आणि समोरच्याचे शब्द जसेच्या तसे इंग्रजीत लिहा. अर्थ लिहू नका, शब्द लिहा. मग त्याच दिवशी दोन ओळींची मेल: फोनबद्दल आभार, कॅनेडियन अनुभव नाही हे कारण मी बरोबर समजले ना? वाद घालू नका. उत्तर आलं नाही तरी तुमची मेल तारखेसकट राहते. वंश हे एकमेव कारण होतं असं सिद्ध करावं लागत नाही, ते कारणांपैकी एक असलं तरी पुरतं. ह्यूमन राइट्स लीगल सपोर्ट सेंटर मोफत सल्ला देतं. मध्ये दुसरी नोकरी लागली तरी तक्रार करता येते.

1 जानेवारी 2026पासून ऑन्टारियोत 25 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला जाहिरातीत कॅनेडियन अनुभवाची अट घालता येत नाही. फोनवर मात्र ती अजून ऐकू येईल.

“प्रज्ञाचं पॅम करा,” असं मला एका मेंटॉरने सुचवलं होतं. ज्यांनी नाव बदललं त्यांना मी नावं ठेवणार नाही, पोट आहे. पण पहिल्याच भेटीत नाव बदलायला सांगणारा मेंटॉर मला नको होता. अकराव्या महिन्यात मला नोकरी देणाऱ्या बाईंनी मुलाखतीच्या सुरुवातीलाच विचारलं, “नाव नीट कसं म्हणायचं?” आणि मी सांगितलं तसं कागदावर लिहून घेतलं.