फुलीच्या साहाय्याने अभिक्रियेचा दर कसा मोजावा

रासायनिक अभिक्रियेचा दर म्हणजे एकक वेळात अभिकारकाच्या (अभिक्रियेत भाग घेणाऱ्या पदार्थाच्या) किंवा उत्पादिताच्या (तयार होणाऱ्या पदार्थाच्या) संहतीत, म्हणजे द्रावणातील प्रमाणात, होणारा बदल. कागदावरील काळ्या फुलीवर शंकुपात्र ठेवून त्यात सोडिअम थायोसल्फेटचे ५० मिलिलिटर द्रावण घ्यावे आणि ५ मिलिलिटर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतताच स्टॉपवॉच सुरू करावे. अभिक्रियेत तयार होणाऱ्या गंधकाच्या कणांमुळे द्रावण हळूहळू दुधी-पिवळे होते. वरून पाहताना फुली दिसेनाशी होताच वेळ नोंदवावी. या वेळेचा व्यस्तांक (१ ÷ वेळ) हे दराचे सापेक्ष माप होय. पुढच्या खेपेस निम्मे द्रावण घेऊन तेवढेच पाणी मिसळावे, म्हणजे द्रवाची खोली बदलत नाही (नवखे नेमके हेच विसरतात). तापमान तेच राखल्यास वेळ साधारण दुप्पट लागतो. सल्फर डायऑक्साइड बाहेर पडत असल्याने खिडक्या उघड्या ठेवाव्यात.