आधी रात्र ठरवा: कागदी जहाजात आणि वाड्यात दिवे बसवण्याची तयारी

कागदी मॉडेलमध्ये पेटणारे दिवे हवे असतील तर त्यांची तयारी पहिली घडी घालण्यापूर्वी करावी लागते. भिंती चिकटल्या, जहाजाचा डेक बंद झाला, की आत चिमटाही जात नाही. म्हणून कटर हातात घेण्याआधी एका कागदावर एवढंच लिहा: आपण कोणती रात्र दाखवणार आहोत? दिव्यांचा रंग, त्यांची संख्या, तारांची वाट, कामाचा क्रम, सगळं या उत्तरावरून ठरतं.

शनिवारवाडा करायचा असेल तर काळ ठरवा. पेशवाईतला वाडा दाखवायचा तर उजेड तेलाचा: दिल्ली दरवाजावरच्या नगारखान्याच्या कमानींत मंद पिवळसर प्रकाश, देवडीत एखादा दिवा, बाकी अंधार. १८२८ च्या आगीत आतले लाकडी मजले जळून गेले. त्यामुळे आजची रात्र करायची असेल तर आत काहीच पेटत नाही, उजेड बाहेरून तटावर आणि बुरुजांवर पडतो. पहिल्या रात्रीत दिवे भिंतींच्या आत, दुसऱ्या रात्रीत तटाच्या पायथ्याशी झुडपांआड. दोन्ही एकाच मॉडेलमध्ये घातल्या तर वाडा कुठल्याच काळाचा राहत नाही.

जहाजाच्या बाबतीत तर हे नियमातच लिहिलेलं आहे. समुद्रातल्या टकरी टाळण्यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे; त्यांत कोणत्या अवस्थेत कोणते दिवे, तेही किती अंशांतून दिसावेत, हे ठरवून दिलंय. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, दोन्ही समोरून कडेकडे ११२.५ अंश. मागे पांढरा, १३५ अंश. तिन्ही मिळून बरोबर ३६० होतात. इंजिनावर चालणाऱ्या जहाजाला याशिवाय डोलकाठीवर २२५ अंशांचा पांढरा दिवा लागतो आणि लांबी ५० मीटर किंवा जास्त असेल तर असे दोन, मागचा पुढच्यापेक्षा उंच. आता आपल्या नौदलाचं तीन डोलकाठ्यांचं प्रशिक्षण जहाज तरंगिणी घ्या, लांबी ५४ मीटर. फक्त शिडांवर चाललेली दाखवली तर डोलकाठीवरचा हा पांढरा दिवा लावायचा नाही; इंजिन सुरू असेल तरच तो येतो. नांगर टाकलेली असेल तर लाल-हिरवे बंद आणि पुढे व मागे सर्व बाजूंनी दिसणारे दोन पांढरे दिवे, पुढचा उंच. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाला मुंबईच्या समुद्रात युद्धनौकांची बाह्यरेषा दिव्यांच्या माळांनी उजळतात, ती चौथी रात्र. शिडं उभारलेली आणि नांगराचे दिवे लागलेले असं जहाज पाहिलं की जाणकार माणूस तिथेच अडखळतो. म्हणून हा निर्णय मला तारा जोडण्याच्या सगळ्या सोल्डरिंगपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

रात्र ठरली की प्रमाण तपासा. १:१०० ला तरंगिणी ५४ सेंटिमीटरची होते आणि ३ मिलिमीटरचा एलईडी ३० सेंटिमीटरचा दिवा ठरतो. घराच्या आत लपवायला तो चालेल. १:२५० ला तोच एलईडी पाऊण मीटरचा होतो, म्हणजे डेकवर उभ्या खलाशाच्या जवळजवळ कमरेएवढा. तिथे ०६०३ मापाचे एसएमडी एलईडी (पाय नसलेले, चपटे, अगदी छोटे) घ्या, १.६ बाय ०.८ मिलिमीटरचे, किंवा अर्ध्या मिलिमीटरचा प्लॅस्टिक ऑप्टिकल फायबर, म्हणजे एका टोकाचा उजेड दुसऱ्या टोकाला नेणारा पारदर्शक धागा. दिव्यांच्या माळेसाठी फायबरच बरा: एलईडी जहाजाच्या पोटात राहतो, वर फक्त टोकं येतात.

आता खरेदी. एलईडी, रेझिस्टर (प्रवाह कमी करणारा छोटा भाग), ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता तारा खोचून बघायची पाटी), सोल्डरिंगचं सामान पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं. कार्डशीट, ट्रेसिंग पेपर, ओएचपी शीट आणि कटरची ब्लेडं अप्पा बळवंत चौकात. बारीक इनॅमल तार, म्हणजे वार्निशचा थर असलेली तांब्याची तार, मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मागा. ३६ गेजची तार साधारण ०.२ मिलिमीटर जाड असते आणि डोलकाठीतून सहज जाते. डोलकाठी पोकळच करायची, सायकलच्या आऱ्यावर कागद गुंडाळून. हिरवा एलईडी घेताना दुकानात पेटवून बघा. जुन्या प्रकारचा पोपटी दिसतो आणि सुमारे दोन व्होल्टवर चालतो. जहाजाला शोभतो तो निळसर झाक असलेला, तीन व्होल्टचा. वाड्यासाठी वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर पांढरा, घ्या, पण तोही तेलाच्या दिव्यापेक्षा पांढराच असतो. त्यावर आकाशकंदिलाच्या पिवळ्या-नारिंगी जिलेटिन कागदाचा तुकडा गुंडाळा, उजेड लगेच तेलाच्या दिव्यासारखा दिसतो.

विजेचा हिशेब खरेदीपूर्वीच करून ठेवा. पांढऱ्या, निळ्या आणि या हिरव्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, लाल-पिवळ्याला सुमारे २. जुन्या मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट वापरणार असाल तर पांढऱ्याला उरतात २ व्होल्ट. ४७० ओहमच्या रेझिस्टरमधून सुमारे ४ मिलिअँपिअर जातील. लालला तेवढ्याच प्रवाहासाठी ६८० घ्या. एलईडी २० मिलिअँपिअरचा असला तरी मॉडेलला ४ पुष्कळ होतात, बहुतेकदा जास्तच. म्हणून १ के (म्हणजे १००० ओहम), २.२ के आणि ४.७ केचेही रेझिस्टर आणा आणि रात्री खोलीतला दिवा मालवून ब्रेडबोर्डवर एकेक लावून बघा. हिरवा लालपेक्षा फार तेज वाटतो, त्याला मोठा रेझिस्टर लागेल. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर द्या. एकावर चार समांतर जोडले तर एखादाच प्रवाह ओढून घेतो आणि बाकीचे मंद राहतात. मंदपणाला घाबरू नका. खिडकीतला उजेड दिसला पाहिजे, डोळ्याला टोचता कामा नये.

चार्जर नको असेल तर तीन पेन्सिल सेल, ४.५ व्होल्ट. रिचार्जेबल सेल मिळून ३.६ व्होल्टच देतात, त्यावर पांढरे दिवे लवकर कोमेजतात. पॉवर बँकही बेभरवशाची, कारण इतका कमी प्रवाह दिसला की अनेक पॉवर बँका आपोआप बंद होतात. दिवाळीची २३० व्होल्टची माळ मात्र कागदाच्या आत कधीही घालू नका, मग ती कितीही स्वस्त मिळो. टॉर्चचा जुना तारेचा बल्बही नको, तो तापतो.

कागदाची परीक्षा सर्वांत जास्त वेळ घेते आणि तो वेळ द्यावा. मोबाइलचा टॉर्च कार्डशीटमागे धरा: २०० जीएसएमची (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या जाड कागदाची) भिंतसुद्धा कंदिलासारखी उजळते. पेटलेला दिवा खिडकीतून दिसायला हवा, भिंतीतून नाही. त्यासाठी छापील भिंतीमागे काळा कार्डपेपर आणि त्याच्या आतल्या बाजूला पांढरा कागद, म्हणजे उजेड अडतोही आणि खोलीभर पसरतोही. पोस्टर कलर लावू नका, पाण्याने कागद वाकतो. पोळ्या गुंडाळायची फॉइल उजेड उत्तम अडवते, पण तिच्यातून वीज वाहते. उघडी तार टेकली की शॉर्ट. वाड्याच्या जोत्यासाठी आणि तटासाठी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा जाड, खरबरीत कागद सुंदर दिसतो. जहाजाला तो नको.

खिडक्या भिंत सपाट असतानाच कापा, नव्या ब्लेडने, आणि कापलेल्या पांढऱ्या कडा रंगवून घ्या. दिवा लागला की त्याच आधी दिसतात. मागे ट्रेसिंग पेपर लावला की एलईडीचा ठिपका दिसत नाही. काचेसाठी ओएचपी शीट लावणार असाल तर ती फेव्हिकॉलने चिकटवा, फेव्हिक्विकच्या वाफेने तिच्यावर पांढरी धुरकट साय येते. प्रत्येक उजळ खोलीला कागदी पडद्या घालून वेगळी पेटी करा आणि काही खोल्या जाणूनबुजून अंधाऱ्या ठेवा. सगळ्या खिडक्या एकसारख्या पेटलेली इमारत कोणी राहत नसल्यासारखी दिसते. जहाजाच्या लाल-हिरव्या दिव्यांना आतल्या बाजूने काळ्या कागदाचा आडोसा द्या, नाहीतर लाल उजेड डेक ओलांडून पलीकडे सांडतो.

सोल्डरिंग मॉडेलपासून दूर, वेगळ्या फरशीच्या तुकड्यावर उरका. सोल्डरिंग आयर्नचं टोक साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, कागद त्याआधीच करपतो. इनॅमल तारेचं टोक खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही. धन-ऋण तारांवर वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या लावा, प्रत्येक तार चार बोटं जास्त ठेवा आणि जोडांवर स्लीव्ह (प्लॅस्टिकची बारीक नळी) चढवा. पावसाळ्यात हे काम काढू नका. पुण्यात जुलैत कार्डशीट हवेनेच मऊ पडते आणि फेव्हिकॉल वाळत नाही. दसऱ्यानंतरची कोरडी हवा उत्तम.

सगळं आत बसलं की न चिकटवता, सेलोटेपने धरून, एक पूर्ण रात्र पेटतं ठेवा. सकाळी रेझिस्टरना हात लावून बघा, गार असले पाहिजेत. मग अंधारात चारही बाजूंनी बघत फिरा आणि कोपऱ्यांतल्या घड्यांतून जिथे उजेड गळतो तिथे आतून काळी पट्टी लावा. छप्पर आणि जहाजाचा वरचा मजला कायमचा चिकटवू नका. खाचेत बसणारा किंवा बारीक चुंबकाने धरणारा ठेवा, म्हणजे एलईडी गेला तर बदलता येईल. तळाच्या पुठ्ठ्याखाली एक कागद चिकटवा: कोणती तार कुठल्या खोलीची, कुठे किती ओहम, व्होल्टेज किती. त्याच कागदाच्या पाकिटात तार जोडलेले दोन जादा एलईडी ठेवा.