उझी माशी: जाळी होती, तरी अळ्यांवर काळे डाग

संगोपनगृहाच्या खिडक्यांना नायलॉन जाळी होती, तरी पाचव्या, म्हणजे शेवटच्या, अवस्थेतल्या रेशीम अळ्यांवर काळे डाग यायचे. रेशीम अळीवर अंडी घालणारी परजीवी उझी माशी आम्ही पाला नेताना दारातून शिरत होती. म्हणून दाराआधी जाळीची छोटी खोली केली. एका वेळी एकच दार उघडायचं.

काळा डाग म्हणजे माशीची अळी रेशीम अळीच्या अंगात शिरल्याची खूण. माशीने अंगावर घातलेलं पांढरं अंडं दोन-तीन दिवसांत फुटतं. आधीच्या अवस्थांत काही अंडी कातीबरोबर गळून जातात. पाचवीत कात नाही, म्हणून खरा फटका तिथेच. उशिरा लागण झालेली अळी कोष विणते, पण माशीची अळी तो भोकसून बाहेर पडते आणि धागा तुटतो.

डागाळलेल्या अळ्या रोज वेचून 0.5 टक्के साबणाच्या पाण्यात बुडवल्या. जमिनीच्या फटी सिमेंटने बुजवल्या, कारण माशीचे कोष तिथेच दडतात.