फोन ‘वॉटरप्रूफ’ असतो का? पाणी आणि आयपी दर्जाबाबतच्या या चुका टाळा

फोनच्या खोक्यावर ‘आयपी६८’ असा धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा छापलेला असतो, विकणारा तो ‘वॉटरप्रूफ आहे’ असे सांगतो आणि सोबतच्या वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते की द्रवामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही. एकाच वस्तूबद्दलची ही तीन विधाने एकमेकांशी जुळत नाहीत, हे बहुतेकांच्या लक्षात येते ते फोन बंद पडल्यावरच.

वॉटरप्रूफ, म्हणजे जलरोधक, या शब्दाचा सरळ अर्थ असा की पाणी कोणत्याही परिस्थितीत आत शिरणार नाही. असे वचन कोणताही स्मार्टफोन देत नाही. फोन असतो तो वॉटर रेझिस्टंट: ठरावीक खोलीपर्यंत, ठरावीक वेळ आणि ठरावीक प्रकारच्या पाण्याला तो दाद देत नाही, त्यापलीकडे हमी संपते. जाहिरातींनी हा फरक पुसट केला आणि काही ठिकाणी ते कंपन्यांच्या अंगाशीही आले. फोन किती मीटर खोल पाण्यात टिकतो हे सांगताना तो दावा केवळ प्रयोगशाळेतील विशिष्ट परिस्थितीपुरता आहे हे स्पष्ट केले नाही, आणि वर पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीतून वगळले, म्हणून इटलीच्या स्पर्धा नियामकाने २०२० मध्ये ॲपलला १ कोटी युरोंचा दंड केला. जलतरण तलावात आणि समुद्राच्या पाण्यात गॅलॅक्सी फोन वापरताना दाखवणाऱ्या जाहिरातींबद्दल ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने २०२२ मध्ये सॅमसंगच्या तेथील कंपनीला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. ओला राहिलेला चार्जिंग पोर्ट तसाच चार्जरला जोडला तर गंजू शकतो, हा त्या प्रकरणातला कळीचा मुद्दा होता.

आकडा अर्धाच वाचणे

आयपी दर्जा ठरतो तो इंटरनॅशनल इलेक्ट्रोटेक्निकल कमिशनच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकानुसार. त्यातला पहिला अंक धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. पाण्याच्या अंकात ७ म्हणजे १ मीटर खोलीवर ३० मिनिटे. ८ म्हणजे त्याहून कठीण चाचणी, पण ती किती खोल आणि किती वेळ हे मानक सांगत नाही, ते उत्पादकाने जाहीर करायचे असते. त्यामुळे २०१६ चा गॅलॅक्सी एस७ आणि २०२० चा आयफोन १२ हे दोन्ही फोन आयपी६८ असले, तरी पहिल्याची मर्यादा दीड मीटर होती आणि दुसऱ्याची ६ मीटर, दोन्हींसाठी वेळ ३० मिनिटे. केवळ ‘६८’ पाहून दोन फोनची तुलना करण्यात अर्थ नाही. त्या आकड्याखाली बारीक अक्षरांत दिलेली ओळ हीच खरी माहिती असते.

याहून फसवी समजूत अशी की मोठ्या अंकात लहान अंक आपोआप सामावलेला असतो. ६ पर्यंतच्या अंकांबाबत ते खरे आहे, पण बुडवण्याची चाचणी आणि फवाऱ्याची चाचणी या मुळातच वेगळ्या आहेत. सहाव्या पातळीच्या चाचणीत साडेबारा मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला १०० लिटर पाण्याचा झोत वेगवेगळ्या बाजूंनी मारला जातो. आठव्या पातळीच्या चाचणीत वस्तू पाण्याखाली नुसती ठेवलेली असते. एक चाचणी पार केली म्हणजे दुसरी पार झाली असे मानक मानत नाही. काही फोनवर ‘आयपी६६/आयपी६८’ अशी जोडी लिहिलेली दिसते ती याच कारणाने. आणि ‘आयपीएक्स८’ मधला ‘एक्स’ म्हणजे शून्य नव्हे. त्या बाबतीतला दर्जा दिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मीटर म्हणजे पोहण्याची परवानगी, असे समजणे

बुडवण्याच्या चाचणीतले पाणी स्वच्छ, गोडे आणि स्थिर असते, फोन नवा असतो आणि सातव्या पातळीच्या चाचणीत तर पाणी व वस्तू यांच्या तापमानात ५ अंशांपेक्षा जास्त फरकही चालत नाही. प्रत्यक्षात यातली एकही अट आपण पाळत नाही.

पाण्यात दर १० मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेइतका, दाब वाढतो, म्हणजे दीड मीटरवर तो फारसा नसतो. पण पाणी वेगाने आदळले की हिशेब बदलतो. सेकंदाला १० मीटर वेगाने येणारा झोत ज्या जागी आदळतो तिथे सुमारे ५ मीटर खोलीइतका दाब निर्माण करतो. जोराच्या शॉवरखाली धरलेला किंवा हातात घेऊन पाण्यात उडी मारलेला फोन अर्धा मीटरही खोल गेलेला नसतो, तरी त्याच्या सांध्यांवर येणारा ताण खोलीच्या आकड्यात मोजता येत नाही.

तापमानाचा मुद्दा तर सहसा कोणाच्या मनातही येत नाही. उन्हात चित्रीकरण करून ४५ अंशांपर्यंत तापलेला फोन २५ अंशांच्या पाण्यात बुडवला, तर आतली हवा थंड होऊन तिचा दाब सुमारे ६ टक्क्यांनी उतरतो. हे म्हणजे साठ-पासष्ट सेंटिमीटर जास्त खोल गेल्यासारखे आहे, आणि तेही आतून ओढ लागून. सांधा जिथे जरासा सुटलेला असेल, तिथूनच पाणी खेचले जाते. तापलेला फोन थंड करण्यासाठी पाण्यात धरणे, ही माझ्या मते या साऱ्या चुकांमधली सर्वांत अनाठायी चूक आहे.

साबण, वाफ आणि खारे पाणी यांना ‘पाणीच’ समजणे

फोनमध्ये पाणी अडवले जाते ते तीन गोष्टींनी. स्क्रीन आणि मागची काच ज्या चौकटीला बसतात तिथे चारही बाजूंनी चिकटपट्टी असते. सिम ट्रेच्या तोंडाशी रबराचे बारीक कडे असते. आणि माइक व स्पीकरच्या छिद्रांमागे अतिशय सूक्ष्म छिद्रे असलेला पातळ पापुद्रा असतो. हा पापुद्रा हवा आणि आवाज जाऊ देतो, पण पाण्याचा थेंब अडवतो, कारण पाण्याच्या पृष्ठताणामुळे थेंब आक्रसून राहतो आणि त्या छिद्रांतून घुसू शकत नाही.

आता यात साबण मिसळून पाहा. साबणाचे कामच मुळी पृष्ठताण कमी करण्याचे आहे. म्हणून तर तो कापडाच्या धाग्यांत शिरून मळ काढतो. साबणाचे पाणी त्या पापुद्र्याला भिजवून सहज पार होऊ शकते. वाफेला तर थेंबाचे रूपच नसते. जिथून हवा जाते तिथून वाफ जाते, आतल्या थंड भागावर पुन्हा पाणी होऊन बसते आणि नंतर लवकर बाहेरही पडत नाही. गरम पाण्याच्या वाफेने भरलेल्या न्हाणीघरात फोन कोरड्या फळीवर ठेवला तरी तो सुरक्षित नाही, तो यामुळे.

हे मी फोन गमावून शिकलो. अडीच वर्षे वापरलेला माझा आयपी६८ दर्जाचा फोन मी दर आठवड्याला बेसिनमध्ये हात धुण्याच्या साबणाने निर्धास्तपणे धूत असे. एके दिवशी मागच्या कॅमेऱ्याच्या भिंगाखाली नखाएवढी धुक्याची कोर दिसली. फोन तापला की ती नाहीशी होई, गार झाला की परत येई. आठ दिवस मी तिच्याकडे दुर्लक्ष केले. मग एका बाजूचा स्पीकर गेला. दुरुस्ती केंद्रातल्या तंत्रज्ञाने काही न बोलता सिम ट्रे बाहेर काढला, त्या खाचेत विजेरीचा झोत टाकला आणि आतला लाल ठिपका मला दाखवला. पाणी लागले की पांढऱ्याचा लाल होणारा हा निदर्शक बऱ्याच फोनमध्ये असतो, आणि तो लाल झालेला दिसला की वॉरंटीचा विषय तिथेच संपतो.

खाऱ्या पाण्याचे नुकसान वेगळ्या जातीचे. मीठ विरघळलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते, आणि बॅटरी जोडलेली असल्याने आतल्या बारीक तांब्याच्या रेषांवर विद्युत अपघटन, म्हणजे विजेमुळे होणारी रासायनिक झीज, सुरू होते. पाणी सुकल्यावरही मीठ मागे उरते, हवेतली ओल ओढून घेते आणि गंज वाढतच राहतो. जलतरण तलावातल्या क्लोरीनचाही रबराला आणि धातूला त्रासच होतो. असा प्रसंग आलाच, तर फोन साध्या गोड्या पाण्याच्या संथ धारेत हलकेच धुऊन मऊ कापडाने पुसावा असे अनेक उत्पादकच सुचवतात. घाईने तसाच सुकवला तर मीठ आत घर करते.

दर्जा कायमचा आहे, असे धरून चालणे

चिकटपट्टी वयाने कडक होते, उन्हाने सैल होते, फोन पडला की चौकटीचा कोपरा जराशाने वाकतो आणि तिथे केसाएवढी फट पडते, जी डोळ्यांना दिसत नाही पण पाण्याला सापडते. फुगलेली बॅटरी मागची काच आतून ढकलते. स्क्रीन किंवा बॅटरी बदलली की जुनी पट्टी फाटलेली असते, आणि नवी पट्टी नीट बसवून गळतीची चाचणी केली नसेल तर फोन सुरळीत चालत असूनही तो पाण्यापुरता उघडा झालेला असतो. दुरुस्तीला देताना ‘नवे सील घालणार का आणि दाब-चाचणी करणार का’ हे आधी विचारावे. सेकंड हँड फोनच्या बाबतीत तर छापलेला दर्जा विसरून जावा.

भिजल्यावर होणाऱ्या चुका

फोन तांदळात पुरणे हा उपाय आजही आवडीने सांगितला जातो. तांदूळ आतली ओल फारशी ओढत नाही, उलट त्याचे बारीक कण आणि पीठ पोर्टमध्ये अडकते. ॲपलने आपल्या सूचनांत तो स्पष्टपणे टाळायला सांगितला आहे. केस वाळवण्याचा ड्रायर त्याहून वाईट, कारण दुरुस्ती करणारे लोक फोन उघडताना चिकटपट्टी मऊ करण्यासाठी नेमकी उष्णताच वापरतात. पोर्टमध्ये कापसाची काडी किंवा हवेचा दाब घालणेही नको, त्याने पाणी आणखी आत जाते. फोन बंद करावा, बाहेरून पुसावा, पोर्ट खाली करून तळव्यावर हलके टिचकावे आणि वारा खेळेल अशा कोरड्या जागी ठेवावा. सिम ट्रे बाहेरून पूर्ण कोरडा होईपर्यंत उघडू नये.

त्यानंतर दिसणाऱ्या लक्षणांपैकी सारीच घाबरण्याजोगी नसतात. ओल्या स्क्रीनवर बोट न ओळखले जाणे किंवा आपोआप बटणे दाबली जाणे हा बिघाड नव्हे. स्क्रीन विद्युतभारातला बदल ओळखते आणि पाण्याचा थर तिला बोटासारखाच वाटतो. स्पीकरचा आवाज दबका येत असेल तर जाळीत पाणी आहे, ते काही तासांत सुकते. ‘पोर्टमध्ये ओल आहे’ अशी सूचना आली तर ती डावलून चार्जर लावू नये, कारण गंज धरतो तो ओल्या पिनांतून वीज वाहताना. चार्जिंग निकडीचे असेल आणि फोनमध्ये सोय असेल, तर पाठ कोरडी करून वायरलेस चार्जर वापरता येतो. एका दिवसानंतरही सूचना जात नसेल, तर आधी केबल बदलून पाहावी. कित्येकदा ओल किंवा मळ केबलच्या टोकातच असतो.

भिंगाखाली किंवा स्क्रीनच्या आत धुके दिसले, फोन वापराविना गरम होऊ लागला किंवा मागची काच उचलल्यासारखी वाटली, तर मात्र पाणी आत पोहोचले आहे असेच धरावे. गरम होणारा किंवा फुगलेला फोन लगेच बंद करून तसाच दुरुस्तीला न्यावा. नुसते धुके असेल आणि फोन चालू असेल, तर सर्व माहितीची प्रत त्याच दिवशी वायरलेस मार्गाने दुसरीकडे घ्यावी, मग तो बंद करावा आणि उघडून आतून साफ करून घ्यावा. असा फोन पुष्कळदा दहा-पंधरा दिवस नीट चालतो आणि मग एकाएकी थांबतो, कारण मधल्या काळात आतला गंज पसरतच असतो.