शाळा विकास आराखडा लिहायला बसण्याआधी

गेल्या खेपेला मी आराखडा फार देखणा केला होता. रंगीत तक्ते, स्पायरल बाइंडिंग, मुखपृष्ठावर मुलांचा फोटो. मार्चमध्ये त्याच आराखड्याने तोंडावर पाडलं. म्हणून यंदा कागदाला हात लावण्याआधी काय काय जमवायचं ते लिहून ठेवते. सोलापूरच्या पूर्व भागातली पालिकेची शाळा आहे आमची, पण चूक कुठल्याही शाळेत होईल अशीच होती.

आधी तारीख. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २२ शाळा व्यवस्थापन समितीला आराखडा करायला सांगतं. केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांत तो तीन वर्षांचा, त्यात तीन वार्षिक आराखडे, आणि आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी तयार हवा असं आहे. म्हणजे डिसेंबरअखेर. सोलापुरात नियम नसता तरी हीच तारीख धरावी लागली असती. जानेवारी उजाडला की गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेचे, पाळणे उभे राहतात. मग अक्षता, होम, दारूकाम. त्या आठवड्यात वर्गात किती डोकी असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा दिवाळीची सुट्टी संपली की लगेच सुरुवात.

कागदपत्रं: पट, तीन वर्षांची हजेरी, यू-डायस प्लसची (शाळेची माहिती भरायच्या सरकारी प्रणालीची) प्रत, मंजूर आणि भरलेली पदं. पहिली ते पाचवी तीस मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवी पस्तीस मुलांमागे एक, हे पटाशी ताडून घ्या. पाणी, रॅम्प, वीज ही यादी सगळ्यांना पाठ आहे. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी मात्र स्वतः आत जाऊन लावून बघा. आमच्या कागदावर ‘सुस्थितीत’ होतं आणि कडी होती सुतळीची.

आता मुख्य गोष्ट. मुलं आज कुठे आहेत हे कळल्याशिवाय ती कुठे न्यायची ते लिहिता येत नाही, म्हणून प्रत्येक मुलाचं वाचन समोर बसवून तपासायचं. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. जिथे अडकलं तिथे नाव लिहायचं. गणितही असंच. हे आम्ही गेल्या वेळी केलं होतं, अगदी मन लावून. चुकलं ते इथे: जी मुलं त्या दिवशी वर्गात होती, तेवढीच तपासली.

गैरहजर मुलं राहिली. चौथीचा पट चौतीस, हजर पंचवीस. त्यातले पंधरा गोष्ट वाचत होते, म्हणून मी ऐटीत साठ टक्के लिहिलं आणि उद्दिष्ट ठेवलं ऐंशी. मार्चच्या चाचणीला घरोघरी निरोप धाडून तेहतीस मुलं गोळा केली. वाचणारे निघाले अठरा. वाचणारी मुलं तीनने वाढली आणि टक्केवारी पंचावन्नाच्या खाली आली! बैठकीत मला विचारलं, वर्षभर केलंत काय? उत्तर होतं, पण ते माझ्याच आराखड्याने खोटं पाडलं होतं. त्यापेक्षा वाईट म्हणजे ज्या नऊ मुलांसाठी जादा वर्ग हवा होता, त्यांची नावंच जादा वर्गाच्या यादीत नव्हती. ती कुठल्याच यादीत नव्हती.

म्हणून गैरहजर मुलांची तपासणी. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आणि तरीही आली नाहीत तर त्यांच्या घरी जाऊन. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणाचे स्वयंसेवक मुलांना घरी गाठून वाचायला लावतात, शाळेत न दिसणारी मुलंही त्यामुळे सापडतात. आपल्याला तर पत्तेही माहीत असतात.

यंदा मी गेले. एका घरी आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती आणि आमची चौथीतली मुलगी झोळीला झोका देत होती. ‘बाई, विड्या कारखान्यात जमा करायला मी गेल्यावर धाकट्याला कोण बघणार?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलीच्या हातात पुस्तक दिलं. जोडाक्षराशी थांबली, तेलुगूत काहीतरी पुटपुटली, पुढे गेली, पुन्हा थांबली. परिच्छेदाच्या पातळीवर नाव लिहिलं. दोन गल्ल्या सोडून एका मुलाने मात्र अख्खी गोष्ट एका दमात वाचून दाखवली आणि विचारलं, ‘अजून आहे का?’ गैरहजर म्हणजे कच्चा हेही मी मनानेच ठरवलं होतं. तेव्हा अंदाजाने नाव टाकू नका. जाऊन बघा. तेलुगू किंवा कन्नड येणारं कुणीतरी बरोबर न्या. घरची भाषा कुठली, हाही रकाना भरून होतो.

गैरहजेरीचं कारणही त्याच वहीत लिहा. ‘आजारी’ लिहून मोकळं होऊ नका. विडी, धाकटं भावंड, गावाकडची जत्रा, बापाचा कारखाना बंद पडल्याने बदललेलं घर, प्रत्येकाचा उपाय वेगळा. शाळेची वेळ अर्ध्या तासाने सरकवून सुटेल अशी गोष्ट तुम्ही जादा तासिकांनी सोडवत बसाल.

उद्दिष्टं थोडी ठेवा. तीन पुरेत, चौथं कुणाच्या लक्षात राहत नाही. टक्क्यांत लिहायचंच असेल तर खाली पट लिहा, हजर संख्या नव्हे. प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव घाला. ‘सर्व शिक्षक’ म्हणजे कुणीच नाही. त्या माणसाला निवडणुकीच्या कामाला नेलं तर दुसरं कोण, तेही आत्ताच लिहा.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. बैठक दुपारी दोनला ठेवलीत तर कोरम सह्यांचाच होईल. आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर माणसं येतात. चहा ठेवा.

खर्चाचा तक्ता, दर दोन महिन्यांचा आढावा, वरच्या कार्यालयाची प्रत, हे नेहमीचंच. नमुना मिळतो, भरा.

आणि बाइंडिंगला द्यायच्या आधी पटाचं रजिस्टर डावीकडे, तपासणीची वही उजवीकडे उघडून बसा. एकेका नावावर बोट ठेवा. ज्या नावापुढे पातळी आणि तारीख नाही, त्या घरी उद्या सकाळी जायचं आहे.